चाके नऊ मीटर चालली, गाडी हातभर: चिऱ्यांच्या खाणीतले एका रोव्हरचे प्रकरण

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका बंद चिरेखाणीत (बांधकामाचे लाल दगड, म्हणजे चिरे, काढतात ती खाण), जानेवारीतल्या एका दुपारी, आमच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला सहा चाकांचा रोव्हर गाळात रुतला. गाडी रुतण्याचे मला फारसे वाटले नाही. पण रुतल्यावरही पाच मिनिटे ती आपण व्यवस्थित पुढे चाललो आहोत असे कळवत राहिली, आणि काजूच्या झाडाखाली लॅपटॉपभोवती बसलेले आम्ही सगळे ते खरे मानत राहिलो. त्या पाच मिनिटांची नोंद आमच्याकडे पूर्ण आहे. दुसऱ्या ग्रहावर स्वतःच्या अकलेने चालणाऱ्या गाड्यांचा सगळ्यात अवघड प्रश्न त्या नोंदीत जितका स्वच्छ दिसतो, तितका मला वर्गात कधी समजावून सांगता आला नव्हता. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

जागा आणि गाडी

चिरेखाण आम्ही मुद्दाम निवडली होती. चिरे काढून झाल्यावर उरलेला तळ म्हणजे लाल, उघडा, पायऱ्यापायऱ्यांचा. मध्ये फुटके चिरे पडलेले, कटरने मारलेल्या सरळ रेषा, कुठे एका थराचा खड्डा तर कुठे दोन थरांचा. झाडोरा फक्त कडेला. रोव्हरला जे जे चुकवायला शिकवायचे ते सगळे तिथे आयते मिळते: चढायला जड जाणारे दगड, अचानक संपणारी जमीन, दुपारच्या उन्हात काळ्याभोर पडणाऱ्या सावल्या.

गाडीचे वजन 18 किलो, चाकाचा व्यास 16 सेंटीमीटर. सांगाडा मंगळावरच्या गाड्यांसारखाच, रॉकर-बोगी पद्धतीचा: एक चाक दगडावर चढले तरी बाकीची पाच जमिनीला टेकून राहतात. डोक्यावर शेजारी शेजारी दोन कॅमेरे. आपल्या दोन डोळ्यांना अंतर कळते तसे दोन फोटोंतल्या फरकावरून तिला अंतर कळते. दर अर्ध्या मीटरला ती थांबते, फोटो काढते आणि समोरच्या जमिनीचा उंचसखल नकाशा बनवते. नकाशा दहा सेंटीमीटरच्या चौकटींचा. प्रत्येक चौकटीला तीन प्रश्न विचारायचे: इथे पायरी आहे का, उतार किती, खडबडीतपणा किती. उत्तरांवरून चौकटीला 'किंमत' मिळते. मग गाडी सात-आठ संभाव्य वळणे मनात चालवून पाहते आणि सगळ्यात स्वस्त वळण घेते. 2004 साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या गाड्यांची पद्धत साधारण हीच होती.

काम एवढेच होते: खाणीच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत 60 मीटर, कोणाच्याही मदतीशिवाय. मुलांनी स्वतःवर एक नियमही घालून घेतला होता. गाडी चालू असताना तिच्याकडे कोणी पाहायचे नाही. ती जे पाठवील तेवढेच पाहायचे. मंगळावरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतात. 'अरे, डावीकडे घे' असे ओरडून सांगण्याची सोय तिथे नाही. चंद्राचे तसे नाही. तिथून संदेश सव्वा सेकंदात येतो, म्हणून चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरला 2023 मध्ये वेगळ्या रीतीने चालवता आले. त्याच्या कॅमेऱ्यांचे फोटो खाली यायचे, त्यावरून जमिनीचा नकाशा बनायचा आणि मग पुढच्या काही मीटरांची आज्ञा जायची. 27 ऑगस्टला तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तेव्हा परत फिरण्याचा निर्णय पृथ्वीवरच्या माणसांनी घेतला. 26 किलोच्या त्या गाडीने असे करत शंभर मीटरहून थोडे अधिक अंतर कापले. मंगळावर ही रीत लावली तर एकेका दगडासाठी बराच वेळ ताटकळावे लागेल.

काय घडले

पहिले 38 मीटर पाहण्यासारखे होते. एका थराच्या खड्ड्याच्या काठावर गाडी आपणहून थांबली. खड्ड्याचा तळ कॅमेऱ्याला दिसत नव्हता, आणि 'जे दिसत नाही ते धोक्याचे' असे आम्ही तिला शिकवले होते. ती मागे आली, वळली, दोन फुटक्या चिऱ्यांमधून निघाली. पेडण्याहून येणारी आमची एक विद्यार्थिनी, जिने वळणे निवडण्याचा सगळा भाग लिहिला आहे, पडद्यावरून डोळे काढत नव्हती.

त्यानंतर सपाट जमीन आली. पडद्यावर अंतराचा आकडा छान वाढू लागला: 38.5, 39, 39.5. नकाशात दोन्ही बाजूंना दगडांच्या सरळ रांगा उमटत होत्या आणि मधून मोकळी वाट होती. पेडणे-सत्तरीकडच्या माणसाला ते चित्र ओळखीचे आहे: दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगड रचून केलेले बांध, आणि मधून पाणंद. एक मुलगा तसे म्हणालाही. खाणीच्या तळात इतकी सरळ रांग कोणी रचली, हा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही.

तिसऱ्या मिनिटाला वरून, काठावर बसलेल्या काकांचा आवाज आला. त्यांचे आयुष्य याच खाणीत चिरे काढण्यात गेलेले. "मास्तर, तुमची गाडी जाग्यावरच आहे हो. नुसती चाकं फिरतायत."

मी त्यांना म्हटले, "काका, आत्ता नका सांगू, थांबा थोडे." मुलांना नियम पाळायला सांगितले. त्या निर्णयावर नंतर आमच्यात वाद झाला, आणि दोन मोटरी तापल्या हेही खरे. पण तो निर्णय मी आजही बदलणार नाही. तेव्हा उठलो असतो तर गाडी वाचली असती आणि तिला काय वाटत होते ते मात्र कधीच कळले नसते.

47 मीटरच्या आकड्यावर संदेश आला: कल 18 अंश, मर्यादेबाहेर, थांबलो. मुलांनी लगेच अर्थ लावला की गाडी डावीकडच्या गडग्यावर चढली. अर्थ नकाशाशी जुळत होता. आम्ही उठून पाहिले, तर 47 मीटरवर गाडीही नव्हती आणि गडगाही. गाडी 38 मीटरच्या खुणेपुढे जेमतेम हातभर अंतरावर होती. उजवी तिन्ही चाके आसापर्यंत गाळात, डावी त्याच्या निम्मी. आजूबाजूला दगड दोनच, एक डावीकडे मीटरभर, एक उजवीकडे.

काका खाली उतरले आणि गाळाच्या पापुद्र्यात बोट घालून म्हणाले, "वरून सुकलंय, खाली लोणी आहे." कटर चालतो तेव्हा चिऱ्याची लाल भुकटी उडते. पावसात ती वाहून सगळ्यात खोल जागी साचते. दिवाळीनंतर वरचा बोटभर थर कडक होतो, त्याला भेगा पडतात, आणि खाली मात्र ओल टिकून राहते. त्यांनी तिथे कधीच पाय ठेवला नसता. मुलांपैकी एकाचे वडील खनिजाचा टिप्पर चालवायचे, खाणी बंद होईपर्यंत. संध्याकाळी ते येऊन गेले आणि झावळ्या चाकांखाली सारून गाडी उलट्या दिशेने काढून दिली. जाताना मुलाला म्हणाले, "टायर फिरतोय आणि गाडी जात नाही असं वाटलं की पाय काढायचा. आणखी दाबलास की आणखी खाली." मुलाने ते वहीत लिहून घेतले. पुढे आम्ही जी दुरुस्ती केली ती बरीचशी याच वाक्याची आहे.

चुकीचा संशय

नकाशातले ते गडगे खोटे होते, म्हणून सगळ्यांचा पहिला संशय कॅमेऱ्यांवर गेला. प्रयोगशाळेत काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा धरून कॅमेरे पुन्हा जुळवण्यात दोन दिवस गेले. कॅमेऱ्यांत काडीची चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी त्या नऊ मीटरांतले सगळे फोटो छापून टेबलावर ओळीने मांडले. दर अर्ध्या मीटरला एक, असे अठरा. मुले एकेक करून आली, पाहिले आणि गप्प झाली. अठराही फोटोंत डावीकडचा चिरा त्याच जागी होता, त्याच्या फुटक्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या डागासकट. फोटो मुळात एकच होता, अठरा वेळा काढलेला.

मग सगळे उलगडले. गाडी आपण कुठे आहोत हे चाकांच्या फेऱ्यांवरून मोजत होती. चाक एकदा पूर्ण फिरले की सुमारे 50 सेंटीमीटर, असा हिशेब. कॅमेरा खरेच सांगत होता: दगड एक मीटर डावीकडे आहे. गाडी त्यात आपली, चुकीची, जागा मिळवत होती. जागा दर वेळी अर्धा मीटर पुढे, म्हणून तोच दगड नकाशात अर्धा-अर्धा मीटर पुढे सरकत अठरा वेळा उमटला. डावीकडचा आणि उजवीकडचा, दोन्ही. असे दोन गडगे तयार झाले आणि मधे पाणंद. चाकांनी नऊ मीटर मोजले, प्रत्यक्षात गाडी सरकली 40 सेंटीमीटर. म्हणजे घसरण 95 टक्क्यांहून जास्त.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट त्याआधीच्या नोंदीत सापडली. गाडी गाळात चुकून गेली नव्हती, तिने तो निवडला होता. त्या ठिकाणी सात वळणे उपलब्ध होती. सहा वळणांवर कुठे ना कुठे खडबडीत चौकटी होत्या. सातवे गाळावरून जाणारे, अगदी सपाट, किंमत जवळजवळ शून्य. फक्त आकार पाहणाऱ्या गाडीला खाणीच्या तळात गाळाइतकी चांगली जागा दुसरी नाही. दगड दिसतो, खड्डा दिसतो, निदान 'दिसत नाही' एवढे तरी कळते. जमीन वजन पेलेल की नाही, हे कोणत्याही फोटोत नसते.

मंगळावर हेच, दोनदा

मुलांना वाटत होते की आपण घरगुती सामानात काम करतो म्हणून असे झाले. तसे नाही, हे दाखवायला मी त्यांना दोन जुन्या घटना सविस्तर सांगितल्या.

एप्रिल 2005 मध्ये ऑपॉर्च्युनिटी मेरिडियानीच्या मैदानात वाळूच्या एका बुटक्या लाटेत रुतली. लाट तिने आधी ओलांडलेल्या कित्येक लाटांसारखीच दिसत होती. त्या दिवशीचा प्रवास चाकांच्या मोजणीवर चालला होता. चाके फिरत राहिली, गाडी वाळूत उतरत राहिली. बाहेर काढायला पाच आठवडे लागले, 4 जूनला सुटली. त्या जागेला पर्गेटरी असे नाव पडले. गंमत म्हणजे फोटोंवरून स्वतःची हालचाल मोजण्याची विद्या, व्हिज्युअल ओडोमेट्री, गाडीत होती. दोन फोटोंतल्या त्याच त्या खुणा शोधायच्या, त्या किती सरकल्या ते पाहायचे, त्यावरून आपण किती सरकलो ते काढायचे. पण 20 मेगाहर्ट्झच्या त्या संगणकाला एका पावलाचा असा हिशेब करायला तीन मिनिटांच्या आसपास लागत. रोज सगळीकडे ते परवडत नव्हते. पर्गेटरीनंतर मात्र नियम बदलला: काही मीटर चालायचे, फोटोंवरून तपासायचे, घसरण जास्त असेल तर तिथेच थांबायचे.

आमच्याही गाडीत हा भाग लिहिलेला होता आणि वेळ वाचवायला आम्ही तो बंद ठेवला होता. हे मी मुलांना सांगितले तेव्हा पेडण्याची ती मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आपण त्यांची चूक वीस वर्षांनी परत केली." खरे होते.

दुसरी घटना आमच्या गाळाला जास्त जवळची. 2009 च्या मे महिन्यात स्पिरिट ट्रॉय नावाच्या जागी वरचा पातळ कडक थर फोडून खालच्या मऊ वाळूत गेली. तिचे एक चाक 2006 पासूनच बंद होते. महिनोन् महिने प्रयत्न झाले. जानेवारी 2010 मध्ये नासाने जाहीर केले की आता ती एका जागीच राहून काम करील. 22 मार्च 2010 नंतर तिचा संदेश आला नाही. वरून सुकलेले, खाली लोणी.

2021 मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्समध्ये फोटोंचे काम करायला वेगळा संगणक आहे. त्यामुळे चाके चालू असतानाच ती पाहते, मोजते आणि पुढचे ठरवते, थांबत नाही. पहिल्या मंगळवर्षातल्या (आपली जवळपास दोन वर्षे) 17.7 किलोमीटरपैकी 88 टक्के अंतर तिने स्वतःच्या स्वयंचलित वाटचालीवर कापले. हालचाल मोजण्याचा वेळ जवळजवळ शून्यावर आला की ती मोजायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते या गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे.

आम्ही काय बदलले

पहिली सूचना आली रंगावरून गाळ ओळखायची. मी ती मोडून काढली. चिरेखाणीत सगळेच लाल असते, आणि त्याच गाळाचा रंग सकाळी दवात वेगळा, दुपारी वेगळा. एका जागेचा गाळ शिकवला तरी दुसऱ्या खाणीत गाडी पुन्हा फसेल. डोळ्यांनी ओळखायचा नाद काही काळ सोडून द्या, पायांना काय कळते ते विचारा, असे मी म्हटले.

पायांना बरेच कळत होते. मोटरींना लागणाऱ्या विजेची नोंद होती. गाळात शिरताच ती दीडपट झालेली दिसते. कल वाढत होता. हे सगळे लिहिले जात होते, वाचत कोणी नव्हते. आता दर पावलाला, म्हणजे दर अर्ध्या मीटरला, गाडी स्वतःला विचारते: जितके सांगितले तितके हललो का? वीज आणि कल पाहणे फुकट आहे, ते नेहमी चालू. फोटोंवरून पूर्ण मोजणी पाच पावलांतून एकदा. वीज वाढली तर प्रत्येक पावलाला. घसरण 40 टक्क्यांवर गेली की थांबायचे आणि पुढचा कोणताही विचार न करता आपल्याच चाकोरीतून मागे यायचे. चाकोरीची जमीन आपले वजन पेलते हे एकदा सिद्ध झालेले असते.

मग फोटोंवरच्या मोजणीची अडचण पुढे आली. तिला खुणा लागतात. भेगाळलेल्या गाळावर खुणा भरपूर, पण नुकत्या साचलेल्या गुळगुळीत गाळावर एकही नाही. पहिल्या चाचणीत गाडीतल्या प्रोग्रॅमने अशा वेळी शांतपणे चाकांचा आकडा पुढे ढकलला, म्हणजे मूळ दोष परत आणला. जानेवारी 2024 मध्ये मंगळावरचे इन्जेन्युइटी हे छोटे हेलिकॉप्टर आपल्या 72 व्या उड्डाणात असेच फसले: खाली खुणा नसलेल्या वाळूच्या लाटा, वेगाचा अंदाज चुकला, उतरताना पाती मोडली. आता आमच्या गाडीत तिसरे उत्तर आहे: 'माहीत नाही'. खड्ड्याच्या काठावर न दिसणाऱ्या जमिनीला जो नियम आम्ही आधीपासून लावत होतो, तोच स्वतःच्या जागेला लावला. माहीत नाही म्हणजे थांबा.

खुणा नसतील तर आपणच कराव्यात, हा उपाय मुलांना फार आवडला. ऑपॉर्च्युनिटीचा कॅमेरा सपाट वाळूत तिच्याच चाकोरीकडे वळवत असत. मंगळावरच्याच क्युरिऑसिटी या गाडीच्या चाकांत तर छिद्रे अशी पाडली आहेत की जमिनीवर मोर्स लिपीत जेपीएल (ती गाडी बांधणाऱ्या प्रयोगशाळेचे नाव) ही अक्षरे उमटतात. तो ठसा पाहून किती अंतर खरोखर कापले ते मोजता येते. आमच्याकडच्या एका मुलाने घरचा रांगोळीचा रोलर आणून दाखवला: पुढे ढकलला की ठरावीक अंतरावर तेच फूल उमटते, दाबून जागच्या जागी फिरवला की फुलावर फूल चढते. तत्त्व तेच. मागच्या डाव्या चाकावर आम्ही बाणाच्या आकाराची एक खाच पाडली आणि मागे पाहणारा एक स्वस्त कॅमेरा लावला. बाण 50 सेंटीमीटरवर उमटले तर सगळे ठीक. 25 वर उमटले तर निम्मी घसरण. मोजायला शाळेची पट्टीही पुरते.

फेब्रुवारीत त्याच जागी, त्याच सुरुवातीपासून गाडी पुन्हा सोडली. काजूला मोहर आला होता, काका काठावर होते. गाळ तिने पुन्हा निवडला, कारण आकाराचा हिशेब आम्ही तसाच ठेवला होता. पुढची चाके गाळात गेल्यावर तिसऱ्या पावलाला वीज वाढली; चौथ्याला बाणांतले अंतर 28 सेंटीमीटर आले. ती थांबली, मागे आली, गाळाच्या त्या सगळ्या चौकटींवर महाग असा शिक्का मारला आणि डावीकडच्या खडबडीत वाटेने, दोन चिऱ्यांवर चढत-उतरत, हळूहळू निघून गेली. काका काही बोलले नाहीत, फक्त उभे राहून पाहत होते. 60 मीटरला 51 मिनिटे लागली.

आता पुढची चाचणी केरीच्या किनाऱ्यावर, पावसाळ्याआधी. तिथे अडचण वेगळी आहे. कोरड्या वाळूत किंचित चढ आला की आमची गाडी चांगली चालत असतानाही बरीच घसरते. खाणीतली 40 टक्क्यांची मर्यादा लावली तर ती पावलापावलाला थांबेल, आणि मर्यादा वाढवली तर रुतेपर्यंत थांबणार नाही. घसरणीचा आकडा किती यापेक्षा तो पावलागणिक वाढतो आहे का, हे पाहून ठरवावे असे पेडण्याच्या मुलीचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. तिने लिहायला घेतले आहे. चाकावरची खाच मात्र आणखी खोल करावी लागेल, कारण कोरड्या वाळूत आमचा बाण उमटतो आणि कॅमेरा पोचेपर्यंत कडा ढासळून बुजून जातो.